एअर पिस्तूल हाताला बसवताना: ग्रिप आधी, ट्रिगर नंतर

नवं पिस्तूल खोक्यातून निघालं की बहुतेकांचा हात आधी ट्रिगरच्या स्क्रूकडे जातो. ट्रिगर हलका केला की गुण वाढतात, असा समज सगळ्याच रेंजवर फिरत असतो. खरं तर नवशिक्याचे गुण ग्रिपमध्ये जातात. ग्रिप हातात बसलेली नसताना लावलेला ट्रिगर ग्रिप बदलली की पुन्हा लावावा लागतो, कारण बोट वेगळ्या जागी येतं. म्हणून क्रम असा ठेवा: ग्रिप (मूठ), मग साइट (नेम धरायची पुढची पट्टी आणि मागची खाच), मग ट्रिगर, आणि गरज वाटली तरच तोलासाठी लावायचं वजन. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान २०० शॉट ती तशीच राहू द्या. एकाच संध्याकाळी तिन्ही बदलले, तर फरक कशामुळे पडला हे कळायला मार्ग उरत नाही.

हा लेख १० मीटर एअर पिस्तुलाबद्दल आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं नेमबाजीत येतात ती बहुधा कोल्हापूरकडे बघून. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे ही नावं घरोघरी माहीत आहेत. राहीचा प्रकार २५ मीटर पिस्तूल, म्हणजे पॉइंट २२ चं सेमी-ऑटोमॅटिक. त्याला शस्त्र परवाना लागतो. ४.५ मिमी कॅलिबरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचं पेलेट (शिशाची छोटी गोळी) सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास सोडतं, म्हणजे जेमतेम ६ जूल. ग्रिप, साइट आणि ट्रिगर लावायची विद्या दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे, त्यामुळे शिकायला एअर पिस्तूलच बरं.

परवाना नाही म्हणून बेफिकीर राहू नका. पिस्तुलाचं बिल आणि क्लबचं कार्ड पेटीतच ठेवा. कोल्हापूरला सरावाला जाताना कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीजवळ गाडी तपासणीला थांबली, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत, तर पेटीतल्या वस्तूला शब्दांपेक्षा कागद लवकर समजावतो.

हात लावण्याआधी मर्यादा पाठ करा

आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर पिस्तुलाचं वजन साइटसकट १५०० ग्रॅमपर्यंत चालतं. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा, म्हणजे तेवढ्या वजनाच्या आत शॉट सुटता कामा नये. सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. साइट उघड्याच, भिंग किंवा लेझर नाही. पिस्तूल एकाच हातात धरायचं आणि मनगटाला कसलाही आधार द्यायचा नाही. ग्रिपला तळव्याखालचा आधार, म्हणजे पाम शेल्फ, चालतो. पण त्याचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नको आणि तो वर वळून हाताला कवेत घेणारा नको. अंगठा वर उचलायला मोकळा राहिला पाहिजे.

यातला ५० मिमीचा आकडा सगळ्यांत जास्त लोकांना नडतो. ग्रिपवर पुट्टीचे थर चढवत गेलं की रुंदी नकळत वाढते, आणि ते कळतं थेट स्पर्धेच्या तपासणीत. घरी पुठ्ठ्याची ५० मिमी रुंदीची खाच कापून ठेवा आणि प्रत्येक थरानंतर ग्रिप त्यातून सरकवून बघा.

काय बदलायचं नाही तेही इथेच सांगून टाकू. नळी, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) आणि सिअरचे (ट्रिगर दाबेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या भागाचे) पृष्ठभाग यांना हात लावायचा नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ आणि सीएनसी हाकेच्या अंतरावर आहेत, मित्राचं वर्कशॉपही असतं, आणि ‘थोडं घासून देतो’ म्हणणारा माणूस हमखास भेटतो. त्याच्याकडून ट्रिगर वजनाचा हुक किंवा बॅलन्सचं वजन खुशाल बनवून घ्या. २०० बारचा दाब सांभाळणारा भाग त्याच्या हातात देऊ नका.

काम सुरू करताना प्रत्येक वेळी हवेचा सिलिंडर काढा, नळी उघडून डोळ्याने बघा आणि सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, घाला. सिलिंडर काढल्यावरही आत एका शॉटपुरती हवा उरू शकते. ती सुरक्षित दिशेला, पेलेट नसताना, सोडून द्या.

ग्रिप

आधी योग्य माप घ्या. कंपन्या छोटी, मध्यम, मोठी अशा मापांत ग्रिप देतात. मध्ये अडकलात तर लहान नको, मोठी घ्या. लाकूड घासून कमी करणं सोपं, भरून वाढवणं कटकटीचं.

पिस्तूल धरायची पद्धत ठरलेली असू द्या. डाव्या हाताने नळीकडून पिस्तूल धरा आणि उजवा हात त्यावर चढवा. अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी ग्रिपच्या मागच्या चोचीखाली जितकी वर जाईल तितकी जाऊ द्या. नळीची रेघ मनगट आणि कोपराच्या सरळ रेषेत यायला हवी. मग मधलं बोट, अनामिका आणि करंगळी गुंडाळा. जोर मधल्या बोटावर आणि समोरून सरळ मागे हवा. करंगळी आवळली की पिस्तुलाचं तोंड खाली जातं. तर्जनी कुठेही लाकडाला टेकायला नको. टेकत असेल तर तेवढं लाकूड घासा. ट्रिगर दाबताना बोट ग्रिपला ढकलत असेल, तर उरलेली सगळी मेहनत वाया जाते.

आता कसोटी. पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा, टार्गेटकडे बघा, डोळे मिटा, हात वर न्या, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. इथे दोन वेगळ्या चुका दिसतात आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

पहिली: साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत, पण सगळं पिस्तूल काळ्या वर्तुळाच्या डावीकडे किंवा उजवीकडे बघतंय. ही चूक पायांची आहे. मागचा पाय थोडा सरकवा. हात ओढून आणू नका, ६० शॉटमध्ये खांदा तो हिशेब चुकता करतोच.

दुसरी: पुढची साइट मागच्या खाचेत एका बाजूला किंवा वरखाली दिसते. ही ग्रिपची चूक. पुढची साइट खाचेच्या वर डोकावत असेल, तर ग्रिपचा कोन बदलून तोंड खाली आणायचं. बऱ्याच मॅच पिस्तुलांत ग्रिप पुढे-मागे झुकवायची आणि डावी-उजवीकडे फिरवायची सोय असते. स्क्रू अर्धा फेरा फिरवून पुन्हा डोळे मिटून बघा. सोय नसेल तर उजव्या हाताच्या नेमबाजाने असं करावं: पुढची साइट डावीकडे जात असेल तर तळव्याच्या मागच्या भागाखाली, मनगटाजवळ, थर वाढवा, उजवीकडे जात असेल तर तिथलंच लाकूड घासा. डावखुऱ्यांना हे उलट.

पुट्टी लावण्याआधी कापडी चिकटपट्टीचे दोन-तीन थर देऊन सराव करा. पट्टी काढता येते, पुट्टी काढायला कानस लागते. चार-पाच दिवस पट्टीवर बरं वाटलं तर मग एम-सील किंवा लाकडाची पुट्टी. त्या जागेचं वार्निश आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उडवा, नाहीतर पुट्टी महिन्याभरात पापुद्र्यासारखी सुटते. पुट्टी मळून चिकटवा, वर पातळ प्लास्टिक पसरा आणि पिस्तूल नेहमीसारखं धरा. नेहमीसारखं, म्हणजे नेहमीच्याच जोराने. हौसेने आवळून धरलं तर ठसा आवळलेल्या हाताचा उमटतो आणि सैल हातात ती ग्रिप पुन्हा हलते. हात काढून पुट्टी रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी कडा १२० ने आणि मग २२० ने घासा. फार गुळगुळीत करू नका, घामाच्या हाताला थोडा खरखरीतपणा हवा असतो.

कुठे घासायचं हे डोळ्याला कळत नाही. तळव्याला रंगीत खडूची पूड चोळा, ग्रिप धरा, सोडा. जिथे खडू गडद लागला तिथे दाब जास्त, जिथे लागलाच नाही तिथे पोकळी. गडद जागा एका वेळी थोडीच घासा आणि पुन्हा खडू लावून बघा.

पाम शेल्फ सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण तो फार वर चढवतात, कारण हात घट्ट अडकला की बरं वाटतं. मग हात फुगतो, दुखतो आणि तिसाव्या शॉटनंतर होल्ड, म्हणजे नेमावरचा स्थिर हात, डळमळतो. शेल्फ वर आणून तळव्याला टेकू द्या आणि तिथून साधारण एक मिमी खाली घ्या. हात शेल्फवर विसावला पाहिजे, शेल्फने हाताला वर ढकलायचं नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, पावसाळा. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात जून ते सप्टेंबर लाकूड ओल धरतं आणि फुगतं. मेमध्ये निपाणीत तंतोतंत बसलेली ग्रिप जुलैत घट्ट वाटते. पावसाळ्यात घाईने घासू नका, दिवाळीनंतर ती सैल पडेल. घासलेल्या उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि भिजलेल्या पेटीतलं पिस्तूल रात्रभर तसंच बंद ठेवू नका.

साइट

मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर बहुतेक एअर पिस्तुलांत ३२० मिमीच्या आसपास असतं. पुढची साइट खाचेत पाव मिमी बाजूला गेली, तर १० मीटरवर शॉट जवळपास ८ मिमी सरकतो. टार्गेटच्या दोन गुणांमधलं अंतरही ८ मिमीच. म्हणजे केसभर चुकीला एक गुण. उलट साइट जुळलेल्या ठेवून सगळा हात ५ मिमी हलला, तर शॉटही फक्त ५ मिमीच जातो. म्हणून नजर पुढच्या साइटवर ठेवा. काळं वर्तुळ अंधुक दिसलं तर ते बरोबरच आहे.

काळा भाग ५९.५ मिमी व्यासाचा, दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं. डोळ्यापासून पुढची साइट साधारण ९५ ते १०० सेंटिमीटरवर येते, तेव्हा ४.५ मिमी रुंदीची पुढची साइट टार्गेटवर ४५ मिमीइतकी भासते, म्हणजे काळ्यापेक्षा थोडी अरुंद. सुरुवातीला हे माप ठीक. मागची खाच अशी ठेवा की पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची स्पष्ट फट दिसेल. ४.५ ची पुढची साइट असेल तर मागे ४ मिमीच्या आसपास. फट बारीक ठेवली की अचूक वाटतं, पण डोळा लवकर थकतो आणि शॉट सोडायला उशीर होतो. नवशिक्याने फट रुंदच ठेवावी.

नेम काळ्याच्या मध्यावर नको. काळ्यावर काळी साइट दिसत नाही. काळ्याच्या खाली पांढऱ्यावर, एक पांढरी पट्टी सोडून धरा आणि शॉट मधोमध पडेल अशा बेताने मागची साइट लावा. ती पट्टी नेमकी किती, याचा काटेकोर हट्ट धरू नका. एका टिंबावर नेम धरून बसणारा हात थरथरतोच.

साइटचे स्क्रू फिरवण्याआधी पाच शॉटचा ग्रुप घ्या, एका शॉटवर स्क्रू फिरवू नका. स्क्रूवरचा बाणही तपासा: काही पिस्तुलांवर तो ‘शॉट तिकडे न्या’ सांगतो, काहींवर ‘शॉट तिकडे पडत असेल तर इकडे फिरवा’ असं. दहा क्लिक फिरवून पाच शॉट मारा, दिशा आणि एका क्लिकचं अंतर दोन्ही कळतं. ते वहीत लिहा.

ट्रिगर

बाजारातल्या बहुतेक मॅच पिस्तुलांत ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट सहज मागे येतं, मग भिंत लागते, आणि भिंतीवर थोडा दाब वाढवला की शॉट सुटतो. कोणता स्क्रू कशाचा हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून मॅन्युअल समोर ठेवा. स्क्रू हलवण्याआधी त्याच्या खाचेची स्थिती मोबाइलवर टिपून ठेवा.

आधी ट्रिगरची पात बसवा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग पातीच्या मध्यावर यायला हवा आणि भिंतीला पोहोचल्यावर ते पेर नळीशी काटकोनात असायला हवं. पात फार मागे असेल तर बोट वाकडं होऊन पिस्तूल बाजूला ओढतं, आणि शॉट एका बाजूला जायला लागतात.

मग वजन. स्प्रिंगच्या काट्याने मोजू नका, तो ओढण्याच्या वेगाप्रमाणे वेगळा आकडा दाखवतो. घरी मोजायला पाण्याची रिकामी बाटली उत्तम. सायकलच्या आऱ्याचा हुक वाकवून बाटलीच्या गळ्याला बांधा आणि सगळं मिळून किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर तोला. पिस्तुलात पेलेट नाही हे बघून घ्या, कॉक करा, नळी उभी वर करा, हुक पातीच्या मध्यावर अडकवा आणि बाटली टेबलावरून हळूच उचला. इंजेक्शनच्या सिरिंजने पाणी वाढवत न्या. १ मिलि म्हणजे १ ग्रॅम. पात भिंतीला लागून थांबली तो पहिल्या टप्प्याचा आकडा. शॉट सुटला तो एकूण वजनाचा.

किमान मर्यादा ५०० ची असली तरी ५०० वर लावायचं नाही. ५१५ ते ५२० ठेवा. तेल वाळतं, धूळ बसते, स्प्रिंग बसकन मारते, आणि सकाळच्या गारव्यात लागलेला आकडा दुपारी तसाच राहील याची खात्री नसते. तपासणीत वजन उचलायला तीनच संधी मिळतात. १५ ग्रॅमच्या हव्यासापायी स्पर्धेच्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणं परवडत नाही.

यातले ३७० ते ३८० पहिल्या टप्प्यात आणि उरलेले १४० ते १५० दुसऱ्यात, अशी वाटणी सुरुवातीला चांगली. भिंत स्पष्ट लागते. दुसरा टप्पा ६०-७० वर आणला, तर भिंत लागायच्या आतच शॉट सुटतो आणि मग बोट भिंतीला घाबरायला लागतं. हा घाबरटपणा घालवायला महिने जातात.

शेवटी ट्रिगर स्टॉप, म्हणजे शॉट सुटल्यावर पात आणखी मागे जाऊ नये म्हणून असलेला स्क्रू. तो आत घेत जा, शॉट सुटणं बंद झालं की तिथून अर्धा फेरा मागे. पाव फेरा मागे घेतला तरी चालतं असं बरेच जण म्हणतात. चालतं खरं, पण थोडी घाण बसली की एखादा शॉट सुटतच नाही, आणि तो नेमका फायनल सिरीजमध्ये.

काही लक्षणं लक्षात ठेवा. भिंतीनंतर पात खरडत सरकल्यासारखी वाटली तर दुसऱ्या टप्प्याची चाल जास्त आहे. पिस्तूल ठेवताना किंवा ग्रिपवर तळव्याने थापट मारल्यावर शॉट सुटला, तर सिअरची पकड कमी आहे. असं पिस्तूल त्या क्षणी रेंजवरून बाहेर. स्क्रू कारखान्याच्या स्थितीला आणा, तरीही सुटत असेल तर अधिकृत सर्व्हिसकडे पाठवा.

वजन, हवा, पेलेट

बॅलन्सच्या वजनाबद्दल थोडक्यात. पहिले सहा महिने काही लावू नका. नंतर होल्ड आडवा हलतोय असं वाटलं तर नळीखाली, पुढच्या बाजूला, १० ते २० ग्रॅम लावून बघा. खांदा तयार नसताना पुढे वजन लावलं, तर शेवटच्या २० शॉटमध्ये पिस्तूल खाली येतं.

सिलिंडर २०० बारपर्यंतच भरा, हळूहळू, मिनिटभर वेळ घेऊन. भराभर भरलं की हवा तापते आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर यासाठी उपयोगाचा नाही, त्याला एवढा दाबच नसतो. ऑक्सिजनचा सिलिंडर तर चुकूनही नको: दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा थेंब एकत्र आला की स्फोट होतो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, शिलाई मशीनचं तेल नाही. पावसाळ्यात हातपंपाने भरत असाल तर दर भरणीत पंपातलं पाणी सोडा, नाहीतर ती ओल रेग्युलेटरपर्यंत जाते. सिलिंडरवर छापलेली तारीख बघा. दहा वर्षांपुढचा सिलिंडर तपासणीत अडतो आणि तो वापरूही नये. सेकंडहँड पिस्तूल घेताना ही तारीख आधी वाचा, किंमत मग बोला.

पेलेट सपाट डोक्याचेच, ०.४५ ते ०.५३ ग्रॅमचे. डोक्याचा व्यास ४.४८ ते ४.५२ मिमी असा वेगवेगळा मिळतो आणि त्यावर गप्पा फार होतात. मॅच दर्जाचा कुठलाही पेलेट शिकंज्यात धरलेल्या पिस्तुलातून दहाच्या वर्तुळात आरामात बसतो. नवशिक्याचा ग्रुप पेलेटमुळे मोठा होत नसतो. एकच प्रकार घ्या, ५०० चे दोन-तीन डबे एकाच बॅचचे, आणि विषय संपवा. पेलेट शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. डबा जेवणाचा, अर्थात.

तपासणीच्या दिवशी

पिस्तूल, सिलिंडर आणि बूट तिन्ही न्यायचे. पिस्तूल नेमबाजाचा बूट घोट्याखालीच संपायला हवा. ट्रिगर आदल्या रात्री बाटलीने पुन्हा मोजा. तपासणीनंतर ग्रिप किंवा ट्रिगरला हात लावायचा नाही, लावलात तर पुन्हा तपासून घ्या; सामन्यानंतरही चिठ्ठी टाकून तपासणी होते. तयारी आणि सायटिंगला (गुणांत न धरल्या जाणाऱ्या शॉटना) १५ मिनिटं, मग ६० शॉटना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं आणि कागदी टार्गेटवर ९०.

पुढे परवाना काढून पॉइंट २२ सेमी-ऑटोमॅटिककडे गेलात, तर आकडे बदलतात: ट्रिगर १००० ग्रॅम, वजन १४०० ग्रॅमपर्यंत, पेटी ३०० × १५० × ५० मिमीची. ग्रिपचं काम वर सांगितलं तसंच घरी करता येतं. पण बंदुकीच्या यंत्रणेची दुरुस्ती शस्त्र कायद्याखाली परवानाधारक दुरुस्तीवाल्यानेच करायची असते, त्यामुळे तिथे ट्रिगरचं कामही त्याच्याचकडे द्या आणि कामाची पावती परवान्यासोबत ठेवा.